‘क्यारेक’वर खूण करणारा मुलगा

पत्राचा गोषवारा

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४६. बी.एड. कॉलेजात अठरा वर्षं शिकवतात. नववीच्या ६०० विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी आणि परीक्षेतलं यश यांच्या संबंधावर पीएच.डी. केली. त्यानंतरचं सगळं संशोधनही प्रश्नावली, टी-टेस्ट आणि अनोव्हा या संख्याशास्त्रीय चाचण्या आणि एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, याच वाटेने झालं. आता त्यांना गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती आणि निरीक्षणांवर उभ्या असलेल्या संशोधनाकडे वळायचं आहे. तीन जाडजूड पुस्तकं विकत घेतली, एक ऑनलाइन कोर्स केला, पण पाऊल उचलत नाही. सहकारी म्हणतात, “आता गोष्टी लिहिणार का?” प्रोफेसरपदाची बढती जवळ आली आहे आणि हाताखाली चार पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत. त्या विचारतात: अठरा वर्षांचं काम वाया गेलं का? एथ्नोग्राफी (लोकांत वावरून निरीक्षण), केस स्टडी (एकाच उदाहरणाचा सखोल अभ्यास), ग्राउंडेड थिअरी (माहितीतूनच सिद्धांत घडवणं), फिनॉमिनॉलॉजी (अनुभवाचा अर्थ शोधणं), नॅरेटिव्ह (जीवनकथांचा अभ्यास), यांतली कोणती पद्धत निवडू? किती जणांच्या मुलाखती पुरेशा? आणि मला तर लिहिताच येत नाही, मग हे जमेल का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर, अगदी जाता जाता, तुम्ही एका मुलाबद्दल लिहिलं आहे. इंटर्नशिपच्या पाठ-निरीक्षणासाठी तुम्ही एका गुजराती माध्यमाच्या शाळेत गेला होतात. सहावीच्या वर्गात घरच्या अभ्यासाबद्दलची प्रश्नावली भरून घेतलीत. तीस विधानं आणि पुढे पाच रकाने: हंमेशा, घणी वार, क्यारेक, भाग्येज, क्यारेय नहीं (नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही). घरी मराठी बोलणारा, मकरपुऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बापाचा एक मुलगा तीसच्या तीस खुणा ‘क्यारेक’वर करून मोकळा झाला. तुम्ही कारण विचारलंत तर म्हणाला, “क्यारेकवर खूण केली की कोणी बोलत नाही, बेन.”

पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर मला हाच वाटला, आणि तुम्ही तो कंसात टाकला आहे.

या मुलाचा कागद पुढे कुठे गेला असता ते तुम्हाला आणि मला नीट माहीत आहे. सगळी उत्तरं एकसारखी, उलट्या अर्थाच्या विधानांनाही तेच उत्तर, म्हणजे मुलाने मनापासून भरलेला नाही, कागद बाद. मी स्वतः असे कितीतरी कागद रबर बँड लावून बाजूला ठेवले आहेत. संख्याशास्त्राच्या नियमाने त्यात काही चूकही नव्हती. पण त्या मुलाने मनापासूनच उत्तर दिलं होतं. शाळेत आलेला छापील कागद म्हणजे परीक्षा, समोर बाई उभ्या आहेत, ‘नेहमी’ म्हटलं तर पुरावा मागतील, ‘कधीच नाही’ म्हटलं तर घरी निरोप जाईल. मधला रकाना सुरक्षित. शाळेत निभावून कसं न्यायचं याचं त्याला असलेलं ज्ञान त्या तीस खुणांत होतं. ते समजून घ्यावं असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही हे पत्र लिहिलंत. तीन पुस्तकांमुळे किंवा कोर्समुळे नव्हे, असं मला वाटतं.

म्हणून आधी एक प्रश्न तुम्हालाच विचारते. तुमचा प्रश्न बदलला आहे, की तुम्ही फक्त कंटाळला आहात? नुसता कंटाळा असेल तर सुट्टी घ्या, एखादा नवा पेपर शिकवायला घ्या. पद्धत बदलून कंटाळा जाणार नाही. सूत्रं नकोत म्हणून इकडे आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचे फार हाल होतात. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला मला पाच-सहा तास लागायचे, आणि माणूस गुजराती, मराठी, हिंदी असं मिसळून बोलत असेल तर त्याहून जास्त. तुमच्या बाबतीत मात्र प्रश्नच बदललेला दिसतो. ‘किती मुलांना घरी मदत मिळते’ याऐवजी ‘मदत’ या शब्दाचा त्या घरात अर्थ काय, हे तुम्हाला हवं आहे. त्याला पाच रकाने पुरणार नाहीत.

तरीही अठरा वर्षं वाया गेली हे मला मान्य नाही. फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांतल्या रोजच्या जगण्यावर लिहिलं. वर्गात मागे बसून, निरीक्षण करून केलेलं काम. त्यात शिक्षिका दिवसभरात हजारपर्यंत वेळा कुणा ना कुणाशी काहीतरी देवाणघेवाण करते, हा आकडा आहे. तो आकडा वाचला की शाळा सुटल्यावर बाईंचा चेहरा तसा का असतो ते कळतं. मोजणं आणि पाहणं यांचं वैर नाही. तुम्ही अठरा वर्षं नमुन्यात कोण सुटलं, हा फरक योगायोगाने तर आला नाही ना, हे विचारत आला आहात. ती शंकेखोर सवय इथे फार कामाला येईल. सोडायची आहे ती दुसरीच सवय: उत्तरं काय असू शकतात हे आधी ठरवून, रकाने आखून मगच माणसाकडे जाण्याची. ती सुटायला मला दोन वर्षं लागली.

कशी सुटली ते सांगते. मी चाळिशीत होते, तुमच्यासारखीच आकड्यांत वाढलेली. पहिली मुलाखत एका आईची, नवापुऱ्यातल्या एका खोलीच्या घरात. मी कॅसेट रेकॉर्डर घेऊन गेले होते, प्रश्नांचा कागद मांडीवर. बाईंनी स्टोव्हवर चहा ठेवला, बोलणं बावन्न मिनिटं चाललं, मी खुशीत घरी आले. रात्री उतरवायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की कागदावर माझ्याच ओळी जास्त आहेत. मी पेन्सिलने खुणा करून मोजल्या, जुनी सवय. बाईंपेक्षा मी जास्त बोलले होते. त्याहून वाईट म्हणजे सतराव्या मिनिटाला बाई म्हणतात, “शाळेच्या फाटकातून आत जायचं म्हटलं की माझे पाय जड होतात हो.” आणि टेपवर माझा आवाज: “हो हो, बरं, आणि गृहपाठ कोण घेतं?”

त्या बाईंना मी पुन्हा भेटले. पण ते वाक्य त्या परत बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा “तसं काही नाही” म्हणाल्या. ती टेप माझ्याकडे अजून आहे.

म्हणून पहिल्या तीन मुलाखती संशोधनासाठी करूच नका. शेजारच्या काकू, तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई, कॉलेजातले शिपाईकाका, जे राजी असतील त्यांच्याशी त्यांच्या शाळेच्या दिवसांबद्दल बोला, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि स्वतः उतरवा. प्रत्येक पानावर एकच गोष्ट शोधा: समोरच्याने दार उघडलं आणि मी पुढे निघून गेले, असं कुठे झालं? विषयाचं ज्ञान यातून वाढणार नाही, कान मात्र तयार होईल. आणि पाच सेकंदांची शांतता सहन करायला शिका. आपल्या मास्तरकीच्या पेशात ती फार अवघड जाते, कारण वर्गात शांतता झाली की आपण लगेच उत्तर सांगून टाकतो.

आता त्या ‘गोष्टी लिहिणार का’बद्दल. तुमच्या सहकाऱ्यांना तुमच्याच गावाचा इतिहास सांगा. एम. बी. बुच यांनी संपादित केलेला देशातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा १९७४ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठातूनच निघाला. शेकडो प्रबंधांचा सारांश एका जागी आणण्याचं ते काम होतं आणि त्याचा दबदबा अजून आहे. पण त्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५१ पासून १९५९ पर्यंत एम. एन. श्रीनिवास समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जातीबद्दल ग्रंथांत काय लिहिलंय ते बाजूला ठेवून गावात ती कशी जगली जाते ते बघा, असा त्यांचा आग्रह. त्यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणं घेतली होती. १९७० च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत, अनेक वर्षं खपून लावलेल्या त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी बरंचसं आठवणीवर विसंबून त्या गावावरचं पुस्तक लिहिलं. ते १९७६ मध्ये आलं आणि आजही वाचलं जातं. मोजण्याची आणि मुक्काम ठोकून पाहण्याची, दोन्ही परंपरा बडोद्यात फत्तेगंज-सयाजीगंजच्या त्या एकाच परिसरात नांदल्या. तुम्ही परकं काही आणत नाही आहात. (आणि हो, टिपणांच्या प्रती तीन असल्या तरी त्या एकाच खोलीत ठेवू नका.)

पण सहकाऱ्यांची शंका झटकून टाकू नका. तिच्यात तथ्य आहे. चार मुलाखती, त्यांतली ठसकेबाज वाक्यं उचलून मध्ये आपलं भाष्य, आणि शेवटी शिफारशी, असं पुष्कळ लेखन गुणात्मक म्हणून खपतं. लिंकन आणि गुबा या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ मध्ये या कामाच्या विश्वासार्हतेच्या कसोट्या मांडल्या. त्या पाठ करून सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, उतरवणं सोपं आहे. करून बघायचं असेल तर दोन कामं करा. एक, प्रत्येक निर्णयाची तारीखवार नोंद ठेवा: अमुक घरी का गेले, तमुक प्रश्न का बदलला, आज कोणाचं बोलणं मला आवडलं नाही. दोन, तुमच्या मांडणीत न बसणारा माणूस मुद्दाम शोधा. समजा तुम्हाला वाटू लागलं की शाळेला घाबरणाऱ्या आयांची मुलं ‘क्यारेक’वर खुणा करतात. मग जिची आई शाळेत जाऊन बाईंशी भांडते, तरीही जी गप्प मधला रकाना निवडते, अशी मुलगी हुडका. ती सापडली आणि तुम्हाला मांडणी बदलावी लागली, तर तुमचं काम गोष्टींच्या पुढे गेलं. टी-टेस्ट करताना शून्य परिकल्पनेला, म्हणजे ‘खरा फरक नाहीच’ या गृहीतकाला, तुम्ही जी संधी देत होतात तीच ही.

किती मुलाखती? सगळे विद्यार्थी हेच विचारतात, कारण व्हायवाला, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हेच विचारतात. पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या कामगार घरांतल्या बारा शाळकरी मुलांच्या टोळक्याबरोबर वावरून १९७७ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्याशिवाय शिक्षणाचं समाजशास्त्र आज शिकवता येत नाही. हॅरी वोल्कॉट यांचं १९७३ चं पुस्तक एकाच मुख्याध्यापकाबद्दल आहे. दुसरीकडे २००६ मध्ये गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासून दाखवलं की बोलण्यातले बहुतेक मुख्य मुद्दे पहिल्या बारांतच हाती आले होते. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा मंत्रासारखा उच्चारला जातो. पण तिथे सगळ्यांना साधारण सारखेच प्रश्न होते आणि त्या स्त्रियांची परिस्थितीही बरीच सारखी होती. तुमच्याकडे बडोद्याच्या वाडी भागातलं जुनं मराठी घर, खानदेशातून दहा वर्षांपूर्वी आलेलं कुटुंब आणि आई गुजराती-बाप मराठी असं घर, तिन्ही असतील तर बारात काय होणार? दर आठवड्याला उतरवलेलं वाचत जा. नवीन माणूस जुनंच सांगतोय असं वाटू लागलं की आणखी दोन जणांना भेटा आणि थांबा. सिनॉप्सिसमध्ये ‘पंधरा ते वीस’ लिहा, समिती सहसा हरकत घेत नाही.

पद्धतीचं नाव आत्ता निवडू नका. तुम्ही दिलेली पाच नावं ही दुकानात मांडलेल्या पाच साड्या नाहीत. मुलांचा शाळेतला दिवस कसा जातो हे बघायचं असेल तर वर्गात बसावं लागेल, महिनोन् महिने. त्याला लोक एथ्नोग्राफी म्हणतील. जी वही वाचता येत नाही तिच्यावर सही करताना आईला काय वाटतं, हा प्रश्न असेल तर दीर्घ मुलाखती लागतील. काम सुरू झालं की नाव आपोआप ठरतं. विश्लेषणासाठी मात्र ब्रॉन आणि क्लार्क यांचा थीमॅटिक अ‍ॅनालिसिसवरचा, म्हणजे बोलण्यातून समान आशयाचे धागे (थीम्स) मांडण्याच्या पद्धतीवरचा, २००६ चा लेख आधी वाचा; सुरुवातीला तेवढा पुरे. त्यात एक गोष्ट त्या बजावून सांगतात: ‘थीम्स वर आल्या’ असं म्हणू नका, त्या तुम्ही घडवल्या आहेत. ‘असे आढळून आले’ लिहिण्याची सवय लागलेल्या आपल्या हातांना ‘मी असा अर्थ लावला’ हे लिहायला जड जातं. तरी लिहा.

भाषेबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बडोद्यात सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. तुम्ही मुलाखत गुजराती-मराठीत घेणार, टिपण मराठीत लिहिणार आणि लेख इंग्रजीत छापणार. दोनदा गाळणी लागते. एक आई मला म्हणाली होती, “भणतर तो आवशे, गणतर कोण शीखवशे?” गुजरातीत ‘भण्यो पण गण्यो नहीं’ अशी म्हणच आहे, शिकला, पण व्यवहाराचं शहाणपण आलं नाही. मी इंग्रजीत ‘प्रॅक्टिकल नॉलेज’ लिहून मोकळी झाले. वर्षभराने तो उतारा पुन्हा वाचताना दिसलं की ‘गणवुं’ म्हणजे मोजणंही. ती बाई भाजीची गाडी लावायची. पैसे मोजणं, माणूस ओळखणं, उधारी कुणाला द्यायची ते जाणणं, हे सगळं तिच्या गणतरमध्ये होतं, आणि शाळा त्यातलं काही शिकवत नाही ही तिची तक्रार होती. माझ्या भाषांतरात त्यातलं काहीच उरलं नव्हतं. म्हणून कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना आशयाची नावं देणं, मूळ शब्दांवर करा, इंग्रजीवर नको. भाषांतर अगदी शेवटी, आणि असे दोन-चार शब्द लेखातही तसेच राहू द्या.

मुलांकडे जाताना पालकांची लेखी संमती घ्याच, पण मुलालाही स्वतंत्र विचारा, आणि नको म्हणण्याची मुभा खरी असू द्या. शाळेतल्या निम्म्या शिक्षिका तुमच्या विद्यार्थिनी असतील. तुम्ही आलात म्हणजे तपासणी आली, असं त्यांना वाटणार. ते घालवायला वेळ लागेल, तो हिशोबात धरा. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असंही समजू नका. बडोद्याचा मराठी समाज आटोपशीर आहे. ‘दांडिया बाजारजवळ राहणारी, नवरा बँकेत, मुलगी सातवीत’ एवढं लिहिलंत तरी सुरसागर तलावाच्या काठावर संध्याकाळी कोणीतरी नाव सांगेल. तपशील बदलावे लागतात, कधी गाळावे लागतात, चांगलं वाक्य हातचं सोडावं लागतं. मुलांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज फुकटच्या ऑनलाइन अ‍ॅपवर चढवून उतरवून घेण्याचा मोह होईल. संमतीपत्रात तसं लिहिलेलं नसेल तर करू नका.

बढतीच्या बाबतीत मी तुम्हाला धाडस करायला सांगणार नाही. हाताशी जो आकड्यांचा डेटा आहे त्यावरचे एक-दोन लेख आधी पूर्ण करा आणि पाठवा. त्याच वेळी नवं काम लहान ठेवा: एक शाळा, एक वर्ग, एक वर्ष. समाजशास्त्र किंवा मानव विकास विभागातला क्षेत्रात काम केलेला एखादा सोबती शोधा. एकट्याने केलेल्या विश्लेषणात आपल्याला आपलंच ऐकू येतं. आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला मदत करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या मदतीने विद्यापीठांत प्राध्यापकांसाठी संशोधनपद्धतीच्या कार्यशाळा होतात, त्यांवर लक्ष ठेवा, पण जिथे स्वतःच्या टिपणांवर काम करून घेतात तिथेच जा. सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका. टॅगेट किंवा क्वालकोडर फुकट आहेत, आणि पहिल्या पाच मुलाखतींना रंगीत पेन्सिली पुरतात. चार विद्यार्थ्यांना मात्र आपल्यामागे ओढू नका. ज्यांची प्रश्नावली तयार आहे त्यांना ती नीट पूर्ण करू द्या. एवढंच सांगा की बाद ठरवलेले कागद फेकण्याआधी त्यांतल्या दोन-तीन मुलांशी बोलून या.

आणि ‘मला लिहिता येत नाही’ याबद्दल: त्या मुलाचा प्रसंग तुम्ही सात ओळींत लिहिलात आणि तो वर्ग माझ्यासमोर उभा राहिला. खिडकीच्या गजाला बांधलेली पाण्याची बाटलीसुद्धा तुम्ही लिहिली आहे. क्षेत्रटिपण यालाच म्हणतात. रोज संध्याकाळी अर्धं पान, त्याच दिवशी, झोपण्याआधी. ‘मुलं निरुत्साही होती’ असं लिहू नका. कोण कुठे बघत होतं, कोणाच्या हातात काय होतं, बाई काय म्हणाल्या, ते लिहा.

आता त्या शाळेत परत जा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार मंगळवार प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत शेवटच्या बाकावर बसा. प्रश्नावली नेऊ नका, त्या मुलाला लगेच मुलाखतीलाही बसवू नका. तो एव्हाना सातवीत गेला असेल. वर्ग आणि वर्गशिक्षिका दोन्ही बदलल्या असतील, तेव्हा सातवीचं वेळापत्रक आधी मागून घ्या.